मूळ नमुना

सलग चारशे अकरा दिवस यंत्राने एकच शब्द कळवला : नेहमीप्रमाणे. चारशे बाराव्या दिवशी, मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास, शेठ फांदीवरून खाली पडला. त्यानंतर बारा मिनिटांनी यंत्राचा रोजचा अहवाल आला. त्यातही तोच शब्द होता.

शेठ म्हणजे शॅमेलिऑन. मराठीत त्याला सरडगुहिरा म्हणतात. त्याची जात येमेनच्या डोंगरांतली, जन्म मात्र पुण्यातल्या एका परवानाधारक केंद्रातला. डोक्यावर टोपीसारखा उंच तुरा आणि चाल अशी, की पाऊल टाकायच्या आधी मागेपुढे डोलत दहादा विचार करायचा. टोपी आणि चाल, दोन्ही पाहून लहरीने त्याचं नाव शेठ ठेवलं होतं. लहरी नोकरीसाठी फिनलंडला गेली, तेव्हा पिंजरा सोलापुरात तिच्या वडिलांच्या फ्लॅटमध्ये आला.

वडिलांचं नाव श्रीहरी म्याकल. वय सहासष्ट. चौतीस वर्षं ते अक्कलकोट रस्त्यावरच्या एका कारखान्यात डाइंग मास्टर होते, म्हणजे टॉवेल आणि चादरींच्या सुताचा रंग जुळवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. अजूनही सगळे त्यांना मास्तरच म्हणत. पत्नी पद्मा सहा वर्षांपूर्वी वारल्या. त्यांची मातृभाषा तेलुगू, पण घरात ती बोलणारं माणूस उरलं नव्हतं, म्हणून मास्तर शेठशी तेलुगूत बोलत.

"एमैंदि रा?" त्यांनी विचारलं. काय झालं रे?

शेठ पिंजऱ्याच्या तळाशी आडवा पडला होता. त्याने पुढचा उजवा पाय फांदीकडे नेला, पण पंजा मिटला नाही. मास्तरांनी आपलं बोट पुढे केलं. पंजा बोटावर नुसता टेकला. एरवी तो सांडशीसारखा आवळला जाई. एरवी बुरुजांसारखे पुढे आलेले डोळे खोल गेले होते आणि भर सकाळी एक डोळा मिटलेला होता.

मास्तरांनी फोन पुन्हा पाहिला. हिरवा ठिपका. नेहमीप्रमाणे.

यंत्राचं नाव होतं त्वचावाचक. काडेपेटीएवढा कॅमेरा, म्हणून लोक त्याला डबी म्हणत. २०३९ साली पाळीव प्राणी असलेल्या घरात डबी नसणं हे दाराला कडी नसण्यासारखं होतं.

त्यामागचं विज्ञान समजायला अवघड नाही. सरडगुहिऱ्याच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिकांचे थर असतात. स्फटिक एकमेकांच्या जवळ असतील तर ते निळा प्रकाश परतवतात, अंतर वाढलं की पिवळा, मग तांबडा. त्यांच्यावर पिवळ्या रंगद्रव्याचा पडदा असतो. निळा त्यातून बाहेर येताना हिरवा दिसतो. राग, भीती, थंडी, आजार, प्रत्येकात हे अंतर बदलतं. माणसाचा डोळा प्रकाश तीन वाटांनी मोजतो, डबी चौसष्ट वाटांनी. शिकार होणारा प्राणी आजार लपवतो, कारण आजारी दिसला की तो खाल्ला जातो. त्याला लपवता येत नाही ते डबी वाचते, अशी तिची जाहिरात होती.

अडचण एकच होती. प्रत्येक सरड्याचा रंग वेगळा. सगळ्यांना लागू पडेल असा निरोगी रंग नावाची वस्तू नसते. म्हणून कंपनीने उपाय काढला : प्रत्येक प्राण्याची तुलना त्याच्या स्वतःशीच करायची. मागच्या चाळीस दिवसांची सरासरी म्हणजे त्याचं 'नेहमीचं'. आजचं वाचन त्याच्याजवळ असेल तर ठिपका हिरवा.

पुढे तोच कॅमेरा माणसांसाठीही आला. चेहऱ्यावरून तो रक्ताचा रंग, नाडी, श्वास वाचत असे. लहरीने जाताना दोन डब्या बसवल्या होत्या. एक पिंजऱ्यावर आणि एक वडिलांच्या आरशावर. तिच्या फोनवर रोज दोन हिरवे ठिपके उमटत.

मास्तरांनी ठिपक्याशी वाद घातला नाही. त्यांनी कपाट उघडलं आणि काळ्या कागदाची एक पुडी काढली.

शेठ घरी आला त्या आठवड्यात त्यांनी एक उद्योग केला होता. सकाळी दहा वाजता, शेठ दिव्याखाली निवांत ऊब घेत असताना, त्याच्या कुशीवरच्या दोन पट्ट्यांमधला हिरवा त्यांनी डोळ्यांत धरला आणि स्वयंपाकघरात सुताची एक लडी त्या रंगात रंगवली. सहा खेपा लागल्या. पोपटीपेक्षा जरा खोल, मेंदीपेक्षा बरीच उजळ. जमली तेव्हा ती त्यांनी काळ्या कागदात गुंडाळून ठेवली. उजेडात रंग उडतो. कारखान्यात मूळ नमुना असाच ठेवत.

आणि कारखान्यातला पहिला नियम तोच होता : नवा माल मागच्या मालाशी जुळवायचा नाही. मूळ नमुन्याशी जुळवायचा. दहावा लॉट नवव्याशी जुळतो, नववा आठव्याशी, आणि दहावा पहिल्याशेजारी ठेवला तर एक मोरपंखी असतो आणि एक बाटलीचा हिरवा. प्रत्येक पायरीवर सगळं बरोबर असतं.

दुसरा नियम उजेडाचा. रंग बघायचा तो उत्तरेच्या खिडकीत, दहा ते तीनमध्ये. ट्यूबखाली जुळलेले दोन रंग बाहेर गेले की भांडतात.

तिसरा नियम बोलण्याचा. मास्तर बघत असताना कुणी बोलायचं नाही. शेवटी मास्तर दोनपैकी एक बोलणार. जुळतं. किंवा, जुळत नाही. 'जवळपास' हा शब्द शेडरूममध्ये, म्हणजे रंग जुळवायच्या खोलीत, चालत नसे. लहरी शाळेच्या सुट्टीत तिथे स्टुलावर बसायची आणि तोंडावर बोट ठेवून वाट बघायची.

त्यांनी दहा वाजू दिले. शेठला सर्वांत खालच्या फांदीवर टेकवून, दिव्याखाली थोडी ऊब देऊन, पिंजरा उत्तरेच्या खिडकीशी ओढला आणि दिवा बंद केला. ओढून झाल्यावर त्यांना खुर्चीत बसावं लागलं. हल्ली एवढ्याने धाप लागे. मग लडी शेठच्या कुशीशेजारी धरली. पाहिलं. राखाडी कागदाकडे बघून डोळे निववले. परत पाहिलं. असं तीनदा.

लडी पोपटी होती. शेठ जुन्या शेवाळासारखा होता, पुसट मातकट. कुठल्याच दिवशी तो आदल्या दिवसापेक्षा वेगळा दिसला नव्हता.

"जुळत नाही," मास्तर म्हणाले. खोलीत ऐकणारं कोणी नव्हतं.

डॉ. निलोफर काझी यांचा दवाखाना सात रस्त्याजवळ होता. रिक्षातून उतरून तीन पायऱ्या चढायच्या. मास्तर दुसऱ्या पायरीवर थांबले, भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा छातीशी धरून. डॉक्टर काचेतून बघत होत्या.

"पेशंटचं नाव?"

"शेठ."

"या शेठजी." त्यांनी डबा उघडला, आणि त्यांच्या आवाजातली गंमत गेली. "काका, आधी का नाही आणलं?"

"डबी हिरवी होती ओ."

"सगळ्यांची हिरवीच असते. डब्या आल्यापासून माझ्याकडे असली जनावरं एकदम शेवटालाच येतात." त्यांनी खालच्या जबड्याला बोटाचं टोक लावलं. जबडा वाकला, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. पुढच्या पायाचं हाड धनुष्यासारखं झालं होतं. "हे आजचं नाही. चार-पाच महिने चाललंय. मग आज तरी कसं कळलं तुम्हाला? पडला म्हणून?"

"पडला म्हणून शंका आली. कळलं ते ह्याने." मास्तरांनी पुडी सोडून लडी टेबलावर ठेवली आणि चार वाक्यांत सांगितलं.

डॉक्टरांनी लडी हातात घेऊन खिडकीपाशी नेली, परत आल्या.

"तुम्ही सरड्याच्या रंगाचं सूत रंगवलंत?"

"हो."

"कशाला?"

"सवय."

त्या हसल्या. मग विचारलं, "पिंजऱ्यावर दोन दिवे असतील. एक उबेचा, एक लांब नळी. नळी कधी बदलली?"

"बदलायची कशाला? लख्ख पेटते की."

"काका."

"मुलीने चिठ्ठी चिकटवून ठेवलीय तिच्यावर. सहा महिन्यांनी बदला म्हणून. पण पहिल्या दिवशी होता तेवढाच उजेड आहे. चौतीस वर्षं मी उजेडावर काम केलंय, डॉक्टर. रेघभर कमी झाला असता तरी मला दिसलं असतं."

"दिसलंच असतं. पण ह्याच्या हाडांना जो किरण लागतो तो तुम्हाला दिसत नाही, मलाही दिसत नाही. जांभळ्याच्या पलीकडचा. तो कातडीवर पडला तर शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच खाल्लेला चुना, म्हणजे कॅल्शियम, हाडात जातो. नाहीतर शरीर हाडातला चुना काढून रक्तात वापरतं. नळी जुनी झाली की तो किरण आधी मरतो. उजेड नंतर."

"मी रोज खिडकीत ठेवतो त्याला."

"काच बंद?"

"धूळ येते."

"काचेत अडकतो तो."

चिठ्ठीवरचं अक्षर लहरीचं होतं. त्यांनी ती रोज वाचली होती.

"म्हणजे चूक माझी."

"निम्मी तुमची. निम्मी त्या डबीची. तिच्याकडे हे सूत नव्हतं." डॉक्टरांनी स्वतःच्या फोनवरून कंपनीकडे शेठच्या पहिल्या दिवसाचं वाचन मागितलं. उत्तर लगेच आलं. चाळीस दिवसांपूर्वीची वाचनं साठवली जात नाहीत, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

"मूळ नमुना फेकून देतात?" मास्तरांनी विचारलं. त्या दिवसात ते पहिल्यांदाच चिडले. "असा माणूस मी शेडरूममध्ये उभा केला नसता."

डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तोंडातून चुन्याचे थेंब दिले आणि कागदावर लिहून दिलं. नळी आजच बदला. फांद्या खाली आणा, पडला तर चार बोटांवरून पडू दे. पानांवरून पाणी ठिबकू द्या, वाटीतलं तो पीत नाही. दहा दिवस थेंब, मग परत आणा.

"जगेल?"

"हाड परत भरतं. पायाचा बाक राहील. दहा दिवस काढले तर मी हो म्हणेन. आज नाही म्हणत."

"मी त्याच्याजवळच बसून राहतो."

"नको."

"मी काही करत नाही. नुसता बसतो. बोलतो त्याच्याशी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, ह्याची जात एकट्याने राहणारी. दुसरा सरडा दिसला तरी ह्याला त्रास होतो, आरशात स्वतः दिसला तरी होतो. तुम्ही समोर बसता तेव्हा त्याला मोठं जनावर टपून बसल्यासारखं वाटतं. ताकद होती तोवर त्याने सहन केलं. आता पिंजऱ्याला तीन बाजूंनी कापड लावा. खायला घाला आणि बाजूला व्हा."

"आणि बोलणं?"

"बाहेरचा कान नसतो ह्यांना. फार थोडं ऐकू येतं."

चारशे दिवस मास्तरांनी त्याला काय काय सांगितलं होतं ते त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यांनी पुडी खिशात टाकली आणि डबा उचलला.

"थांबा. नखं बघू तुमची."

"माझी?"

"मी माणसांची डॉक्टर नाही. पण शेळ्यांच्या पापण्या रोज उलटून बघते." त्यांनी मास्तरांचा हात धरला, अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं. मग न विचारता त्यांची खालची पापणी ओढून पाहिली. "पायऱ्या चढताना थांबलात. पट्ट्याला खिळ्याने भोक पाडलंय, नवीन. रक्त कमी झालंय तुमचं, आणि ते कुठेतरी जातंय. कुणाला दाखवलं?"

"माझी डबी हिरवी आहे," मास्तर म्हणाले, आणि वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्यांना ते ऐकू आलं.

"कोण असतं घरी?"

"शेठ."

दोन वाजता नवी नळी लागली होती. पद्माच्या तीन जुन्या ओढण्या पिंजऱ्याच्या तीन बाजूंना लावल्या होत्या. चौथी बाजू भिंतीकडे केली होती, जराशी फट ठेवून. मास्तरांनी आपली खुर्ची उचलून बाहेरच्या खोलीत आणली. अर्ध्या वाटेत ती दोनदा खाली ठेवावी लागली.

खुर्चीत बसून त्यांनी कमरेचा पट्टा काढला आणि मांडीवर सरळ केला. चामड्यावर जिथे बक्कल वर्षानुवर्षं बसत होतं तिथे रुंद काळा वळ होता. तिथून आजच्या भोकापर्यंत चार बोटं अंतर होतं. एक भोक उन्हाळ्यातलं. एक गणपतीच्या आसपासचं. एक गेल्या आठवड्यातलं. कुठल्याही दोन भोकांत काळजी करण्याइतकं अंतर नव्हतं.

मग त्यांनी फोन घेतला आणि ठेवून दिला.

लहरी गेली त्या पहिल्या महिन्यात, आरशावरची डबी चालू व्हायच्या आधी, तिने सत्तावीस फोन केले होते. काय जेवलात, झोप लागली का, आवाज असा का येतोय. डबी चालू झाली त्या दिवशी मास्तरच म्हणाले होते, "आता तुला रोज विचारायला नको. ठिपका बघ आणि कामाला लाग." त्यांना तो त्याग वाटला होता. पुढच्या महिन्यात फोन अकरा झाले. नंतर रविवारचे उरले. गेल्या महिन्यात दोन. त्यात तिचा दोष नव्हता. जे आधीच कळलंय ते कोण विचारणार? आणि मास्तरांनी आपणहून फोन करायचा तर कारण हवं. ठिपका हिरवा असताना कारण कुठलं?

तीनला पंचवीस मिनिटं होती. त्यांनी फोन लावला.

"नाना?" लहरीचा आवाज घाबरलेला होता. "काय झालं? ठिपका तर हिरवा आहे!"

"तेच सांगायला फोन केला. तू कामात आहेस का?"

"आहे. बोला."

"शेठ आजारी आहे. हाडं मऊ झालीत. नळी मी बदलली नाही."

"नाना, मी चिठ्ठी..."

"वाचली होती. मला वाटलं मला दिसेल." ते थांबले. "डबीलाही दिसलं नाही. ती मागच्या लॉटशी जुळवत होती, लहरी. चाळीस दिवस मागच्या. रोज थोडं थोडं उतरत गेलं आणि रोज तिने पास केलं. मूळ नमुना ठेवलाच नव्हता त्यांनी. मी लडी काढून बघितली तेव्हा कळलं."

तिकडून दार लावल्याचा आवाज आला.

"नाना," ती म्हणाली, "तुमच्या आरशावरची डबी कितीची सरासरी घेते?"

मास्तरांनी मांडीवरचा पट्टा गुंडाळला.

"नाना, कितीची?"

"चाळीसच."

"तुम्ही बोलताना मध्येच का थांबताय?"

"खुर्ची उचलली. दम लागला."

"कुठली खुर्ची? वेताची? ती तर मी पाचवीत असताना उचलायची." मग घाईघाईने, "तिकडे तीन वाजले का?"

"वीस मिनिटं आहेत."

"उत्तरेच्या खिडकीत जा. व्हिडिओ लावा. मी निघायच्या आदल्या दिवशी शेठला तुमच्या खांद्यावर बसवून फोटो काढला होता, आठवतो? त्याच खिडकीत. सकाळी अकराला. तुमच्याच फोनने. तो माझ्याकडे आहे."

शेठचा पिंजरा त्याच खोलीत होता. मास्तर आत गेले ते समोरच्या भिंतीच्या कडेने, ओढण्यांच्या मागून, त्याला दिसणार नाही असे. खिडकीशी उभे राहिले, काच उघडली आणि फोन हातभर लांब धरला. पडद्यावर लहरी जवळ आली. तिचे डोळे क्षणभर दुसरीकडे वळले, जिथे तो फोटो होता. परत वडिलांवर आले. परत फोटोवर गेले.

"चष्मा काढा."

त्यांनी काढला.

"हलू नका."

मास्तर हलले नाहीत. मास्तर बघत असताना बोलायचं नसतं, म्हणून ते बोललेही नाहीत. फोन धरलेला हात अवघडला तेव्हा त्यांनी कोपर खिडकीच्या गजाला टेकवलं. बाहेर कुठेतरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली. लहरीने खाली मान घालून टेबलावरच्या कुठल्यातरी कोऱ्या वस्तूकडे पाहिलं, डोळे निववले, आणि तिसऱ्यांदा वर बघितलं. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. ती स्टुलावरून बघत आली होती.

"जुळत नाही, नाना," ती म्हणाली.

चौतीस वर्षं हे वाक्य मास्तरांनी दुसऱ्यांना ऐकवलं होतं. ज्याला ऐकवायचं तो माणूस हुज्जत घालायचा, उजेडाला दोष द्यायचा, जवळपास आहे की मास्तर म्हणायचा. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तीही उतरली होती थोडी. डोळ्यांखाली.

"बरं," ते म्हणाले. "दवाखान्याची वेळ तू घे. मला ते फोनवरून जमत नाही."

हे खोटं होतं. गेल्याच वर्षी शेजारच्या बोल्लीवहिनींची वेळ त्यांनीच घेऊन दिली होती. लहरीलाही ते माहीत होतं.

"घेते," ती म्हणाली. "फोन ठेवू नका."

तिने वेळ शोधायला घेतली. मास्तर फोन चालू ठेवून उभे राहिले. मागे ओढणीआड पानांवरून पाणी ठिबकत होतं. त्यांना वळून बघावंसं वाटलं, पण त्यांनी बघितलं नाही.